मेंढीचं तोंड धर: कड्याच्या शिवारातले चार दिवस

पुण्याहून कडा या गावी यायला एसटीला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मला तिथे पोचल्यावर कोऱ्या चहाचं कारण सांगायला लागला.

मी दूध पीत नाही. दही, तूप, पनीर, मध, काहीच नाही. चामड्याची चप्पल नाही, लोकर नाही, रेशीम नाही. तीन वर्षं झाली. पुण्यात आमचा एक लहानसा गट आहे. आम्ही पत्रकं छापतो, कॉलेजांच्या दारात उभं राहून वाटतो आणि लोक ती चुरगाळून टाकतात तेव्हा मागे जाऊन उचलतोही, कारण कचरा हाही आमचाच विषय आहे. यंदा ठरलं की शहरातल्या शहाण्यांना सांगून झालं, आता गावात जायचं. गटातल्या रूपालीचे मामा कड्याला शेती करतात, तीही रासायनिक खताशिवाय. त्यांच्यावर एक लेख लिहायचा आणि जमेल तेवढी पत्रकं वाटायची, असा बेत. रूपालीची परीक्षा निघाली म्हणून मी एकटीच गेले. पिशवीत पत्रकांचे दोन गठ्ठे, स्टीलचा डबा, बांबूचा ब्रश आणि डोक्यात लेखाचं शीर्षकसुद्धा तयार: "जनावरांवाचून शेती".

कडा

दत्तूमामा स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभे होते. घर गावाच्या कडेला, मागे कांद्याची चाळ. मामी चहाचं आधण ठेवून दारात आल्या.

"मामी, मला कोरा द्या."

"कोरा? आमचं दूध नासलेलं न्हाई बाई. सकाळचंच हाय."

"मी दूध पीतच नाही."

"उपास हाय?"

"नाही."

"नवस बोलली असशील मग."

"नवसही नाही."

"मग दूध कावून पीत न्हाईस?"

मी सांगितलं. दूध वासराचं असतं, माणसाचं नाही. पत्रकात पहिल्याच ओळीत आहे ते. मामींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि खरी अडचण सांगितली. कोरा चहा मयतीच्या घरी देतात. शेजारच्या काकू आत्ता येतील, आणि दत्तूच्या बायकोनं पुण्याच्या पाव्हणीला कोरा चहा पाजला हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत होईल. शेवटी दार लोटून, कडी लावून मला कोरा चहा देण्यात आला. चोरून दारू प्यावी तसा मी तो प्यायले.

आमच्या पत्रकात दुधाला पर्याय दिले आहेत. त्यातलं बदामाचं दूध मी मामींना वाचून दाखवलं.

"बदाम?" मामींनी आवाज खाली आणला. "कोन बाळंत झालंय?"

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळलेलं पीठ. आमटीत घातलं की घट्ट आणि खमंग होते. पुण्यात मला ती कुणी कधी खाऊ घातलेली नाही. ताटात मी शोधूनही आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही. आणि मामी मात्र दही वाढता येत नाही म्हणून माझी माफी मागत होत्या. आमच्या पत्रकाच्या मागच्या पानावर सोयाच्या चुऱ्याची एक पाककृती आहे. ती ज्यानं लिहिली त्याला मी पुण्याला परत आल्यावर जाब विचारला.

आठवडी बाजार

दुपारी बाजार होता. कांदा, मिरची, भाजी, दोरखंड, पायताणं. एका बाजूला जनावरं. मी जनावरांच्या बाजूलाच उभी राहिले. मुद्दाम. आमच्या पत्रकावर एक मोठा फोटो आहे: गोठ्यात आखूड दाव्यानं बांधलेली म्हैस, आणि तिच्यापासून दूर, तिच्याकडे बघणारं रेडकू. पुण्यात हा फोटो बघून एक मुलगी रडली होती.

पत्रकं भराभर संपू लागली. माझ्याभोवती आठ-दहा माणसं जमली, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. मला वाटलं, जमलं.

"शिंगं बघ की. वळलीत कशी."

"सड बारीक हायेत पर."

"ताई, कितव्या येताची हाय?"

म्हणजे आतापर्यंत किती वेळा व्याली आहे. ते मला नंतर मामांनी सांगितलं.

"इथं आनली न्हाई का? का घरी येऊन बघायची?"

"ही विकायची नाही!" मी ओरडले. "हा निषेध आहे!"

"मंग फोटू कशाला काडलाय बे?" एक जण दुसऱ्याला म्हणाला. दुसरा समजूतदार होता. "आसू दे. बाईमाणूस हाय. भाव वाडवून घ्यायला तसं म्हनत असंल."

तो फोटो बघून एवढ्या लोकांनी इतक्या बारकाईनं म्हशीकडे पाहिलं, हे आमच्या गटात पहिल्यांदाच घडलं, एवढं म्हणून मी पुढे जाते.

मामांचं वावर

संध्याकाळी मामा मला शेतात घेऊन गेले. एका बाजूला ज्वारी उभी, दुसऱ्या बाजूला कांद्यासाठी मोकळं ठेवलेलं रान. त्या रानात दीड-दोनशे काळ्या मेंढ्या बसल्या होत्या. भोवती जाळी, कडेला दोन घोडी, तीन दगडांची चूल.

"हे बघ," मामा म्हणाले, "माझं खताचं दुकान."

इकडे हा रिवाजच आहे. पाऊस सरला की मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात आणि शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायचं आवतन देतात. चार-पाच मुक्कामात रान लेंडीनं भरून जातं. बदल्यात त्यांना ज्वारी मिळते. मग कळप पुढच्या वावरात.

"मामा, रूपालीनं तर सांगितलं होतं की तुम्ही नैसर्गिक शेती करता."

"मंग हे काय कारखान्यात झालंय?"

"पण जनावरं आहेत हे तिनं सांगितलं नाही."

"तिनं इचारलं न्हाई."

शीर्षक तिथेच गेलं. मी रागावले होते आणि रागावलेल्या माणसाला चुका पटकन दिसतात. बांधाला काळ्या-चंदेरी प्लॅस्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. मागच्या साली टरबुजाला अंथरलेला मल्चिंग पेपर. उन्हानं फाटून मातीत मिसळलेला. मी मामांना तिथल्या तिथे सांगितलं की खत नैसर्गिक आणि माती प्लॅस्टिकची, हे ढोंग आहे. पाहुणीनं असं बोलू नये, पण मला दुसऱ्या पद्धतीनं बोलता येत नाही. मामा म्हणाले, "हे खरं हाय. हे मातूर खरं हाय." आणि गोणी आणून माझ्याबरोबर चिंध्या वेचायला लागले. अंधार पडेपर्यंत एक गोणी भरली.

चुलीपाशी बसलेली बाई हे सगळं बघत होती. हौसामावशी. पंचेचाळीसच्या आसपासची, लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट, कपाळावर हिरवं गोंदण. नवरा सुखदेवभाऊ जाळी ताणत होता. मामांनी माझी ओळख करून दिली आणि गंमत म्हणून पत्रकाची पहिली ओळ मोठ्यानं वाचली: आईचं दूध फक्त तिच्या पिल्लाचं असतं.

"बराबर हाय की," हौसामावशी म्हणाली. "कुनी लिवलं?"

"आम्ही," मी म्हणाले. चार दिवसांत पत्रकाची तारीफ करणारी ती पहिली आणि शेवटची.

दुसरा दिवस

सकाळी मी उरलेल्या चिंध्या वेचायला गेले तेव्हा तळावर वेगळीच शांतता होती. जाळीच्या बाहेर एक मेंढी आडवी पडली होती. मेलेली. पहाटे व्याली आणि तासाभरात गेली. तिचं कोकरू हौसामावशीच्या ओच्यात होतं; ओलं, काळं, नुसते पाय आणि कान. दुसरीकडे एक मेंढी दोरीला बांधलेली होती. तिचं कोकरू आदल्या दिवशी मेलेलंच जन्मलं होतं. तिची कास भरून आली होती.

हिशोब सरळ होता. आईवाचून पोर, पोरावाचून आई. पण मेंढीला हा हिशोब समजत नाही. ती वासानं ओळखते आणि दुसरीचं पोर जवळ आलं की ढुशी मारते. त्यावर या लोकांची रीत आहे: तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीखाली चोळायचं, वर थोडं मीठ. मीठ चाटता चाटता तिला स्वतःचाच वास लागतो. दोन-तीन दिवस असं करत राहिलं तर कधीकधी घेते. कधीकधी घेतही नाही.

"परवा सकाळी तळ हालनार," सुखदेवभाऊ म्हणाला. पुढचं वावर दोन गावं पलीकडे होतं. "तवर घेतलं तर जगलं. वाटंनं बाटली कोन पाजत बसनार? कळपात जिच्या तिच्या ढुशा खाऊन मरंल."

तो कळप घेऊन चरायला निघून गेला. हौसामावशीला पाणी आणायचं होतं, मेलेल्या मेंढीचं बघायचं होतं, भाकरी थापायच्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या कागदात लिवलंय न्हवं, दूध पिलाचं? मला तर लई पटलं. चल, पाज."

मी तीन वर्षं दुधाला हात लावलेला नाही, हे मी तिला सांगितलं.

"पेऊ नको गं. तुला कोन पेयाला सांगतंय? काड नुसतं."

म्हणून कड्याच्या शिवारात, आमच्या गटाच्या जाहीरनाम्याला सकाळी आठ वाजता फाटा देऊन, मी मेंढीचं दूध काढलं. पहिल्यांदा ते माझ्या बाहीत गेलं. दुसऱ्यांदा मेंढीनं वाटी उडवली. हौसामावशी लांबून ओरडली, "दार वाजवल्यागत ढकलू नको! वरून दाब, मंग खाली वड!" तिसऱ्यांदा वाटीत चार बोटं दूध आलं. थोडं बाटलीत भरून कोकराला पाजलं, बाकीचं त्याच्या पाठीवर चोळलं. मग मेंढीचं तोंड धरून त्याच्यापाशी न्यायचं. ती मान फिरवायची. पुन्हा धरायचं. ती पाय झाडायची. दुपारपर्यंत कोकरू तीनदा उलटंपालटं झालं आणि मी एकदा.

थंडी होती. मी कुडकुडतेय हे बघून हौसामावशीनं मागून येऊन माझ्या अंगावर घोंगडी टाकली. लोकरीची. माझे दोन्ही हात मेंढीत गुंतलेले, काढणार कशी? नंतर हात मोकळे झाले तेव्हाही मी ती काढली नाही, हेही लिहून टाकते. पुण्याहून आणलेली माझी शाल प्राणीमुक्त आहे. म्हणजे पूर्ण प्लॅस्टिकची. ती मामींच्या घरी होती. हौसामावशी म्हणाली, आता लोकर कुणी घेत नाही, कातरून फेकून देतो, लोकांना बाजारातली चकचकीत ब्लँकेटं पाहिजेत. लोकर नको आणि प्लॅस्टिकही नको असं म्हणणाऱ्या माणसानं मार्गशीर्षात काय पांघरावं, यावर आमच्या गटात अजून बैठक झालेली नाही.

चहाच्या वेळी तिनं काही न विचारता मला कोरा दिला, स्वतःही कोराच घेतला. तळावर त्याला कुणी दार लावून घेतलं नाही.

तिसरा दिवस

आज थोडा फरक होता. मेंढी कोकराला ढुशी मारायची, पण मारण्याआधी हुंगायची. मीठ चाटून मग मारायची. हौसामावशीला ते चांगलं लक्षण वाटत होतं. मला त्या कोकराची आता सवय झाली होती. बाटली दिसली नाही तरी ते माझ्या पावलांवर यायचं, माझा अंगठा तोंडात धरून ओढायचं.

"याचं नाव काय ठेवायचं, मावशी?"

"नाव कशाला? नर हाय त्यो."

"मग?"

"माद्यांला ठिवतो आमी नावं. नराला न्हाई. वरीसभरानं बाजारात जातो."

माझ्या हातातून मेंढीचं तोंड सुटलं. तिनं लगेच कोकराला उडवलं. ते उठलं, परत तिच्याकडेच गेलं.

"बाजारात म्हणजे कापायला?"

"मंग? म्हातारं हुईस्तोवर पेन्शन खाईल व्हय?"

"मग मी दोन दिवस हे कशासाठी करतेय?"

"ते मला काय म्हाईत? तू करतीस, म्हनून करतीस."

मी उठले. घोंगडी काढून दगडावर ठेवली आणि उभ्या उभ्या तिला सगळं पत्रक सुनावलं. चारही पानं मला पाठ आहेत. जगण्याचा हक्क, माणसाची मालकी, जिभेचे चोचले. आवाज चढला तसा बांधावरचा कुत्रा भुंकायला लागला. हौसामावशी काटक्या मोडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"समदं खरं असंल बाई. आमी काय लपवून ठिवलंय? पर तुझ्या कागदात आज सांजच्याला काय करायचं ते लिवलंय का? ते उपाशी हाय."

मी आठवून बघितलं. जगात काय व्हायला पाहिजे ते चार पानांत आहे. संध्याकाळपर्यंतचं काही नाही. मी हात झटकून मामींकडे निघून गेले असते तर माझं म्हणणं जराही खोटं ठरलं नसतं. फक्त कोकरू आजच मेलं असतं, वर्षभरानं मरण्याऐवजी. आणि मेंढी उद्या भरल्या कासेनं चालत गेली असती.

"मावशी, मला हे चूक वाटतं," मी म्हणाले. "कापणं चूकच आहे. पुण्याला जाऊनही मी हेच म्हणणार."

"म्हन की. कोन आडवलंय? पर आता मेंढीचं तोंड धर."

मी धरलं.

त्यानंतर आम्ही दोघी कामाला लागलो. ती दूध काढायची, मी चोळायचे. ती दोरी आखूड करायची, मी कोकराला कासेखाली ढकलायचे. पत्रकातला आणि कळपातला वाद तिथेच आमच्या मध्ये बसून होता. त्याला कुणी उठवलं नाही. दिवस कलला तेव्हा एकदा मेंढीनं कोकराची शेपटी हुंगली आणि ढुशी मारलीच नाही. कोकरू कासेला लागलं. शेपटी अशी हलायला लागली की मी मोठ्यानं हसले.

"हसू नको," हौसामावशी म्हणाली. "बांधलेली हाय म्हनून उभी हाय. सोडल्यावर बघू."

चौथा दिवस

सकाळी तळ हलला. घोड्यांवर भांडी, जाळ्या आणि कोंबड्याची टोपली चढली. मामा गोणीभर ज्वारी घेऊन आले होते. सुखदेवभाऊनं तोंडानं एक आवाज काढला आणि कळप उठून रस्त्याकडे वळला.

हौसामावशीनं मेंढीची दोरी सोडली.

मेंढी दोन पावलं गेली, थांबली आणि सरळ कळपाच्या मागे लागली. मागे बघितलंही नाही. कोकरू रानाच्या मध्यात उभं राहिलं. मग त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पळत आलं. माझ्या पायांत घुसलं, अंगठा शोधायला लागलं. मी वाकले.

"हात लावू नको!" हौसामावशी एवढ्या जोरात ओरडली की मामाही दचकले. "तू दिसलीस की ते तिकडं जायचं न्हाई! लप! कडब्याच्या मागं लप जा!"

बांधापाशी कडब्याची गंज होती. मी कोकराला पायानं बाजूला सारलं. मी, पायानं. आणि पळत जाऊन गंजीच्या मागे बसले. ते माझ्यामागे ओरडत आलं असावं, कारण हौसामावशीचं "हाट, हाट" ऐकू येत होतं. मी तोंडावर हात ठेवून बसले, श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून. कोकराचं ओरडणं चालू होतं. बारीक, न थांबणारं. कळपाच्या घंटा लांब लांब जात होत्या. मी माझ्या आयुष्यात इतकी गप्प कधी बसलेली नाही. आमच्या गटातले लोक साक्ष देतील.

मग लांबून एक मेंढी ओरडली. जाड, घोगऱ्या आवाजात. कोकरू थांबलं. मेंढी पुन्हा ओरडली. कोकरानं उत्तर दिलं, आणि ते उत्तर आधीपेक्षा लांबून आलं. मग त्याहून लांबून.

बराच वेळ काहीच कळेना. शेवटी रस्त्याच्या वळणावरून हौसामावशीचा आवाज आला: "घेतलं गं! घेतलं तिनं!"

मी गंजीमागून बाहेर आले. कळप वळणावर पोचला होता, धूळ उडत होती. मेंढ्यांच्या पायांत कोकरं धावत होती, पंधरा-वीस असतील, सगळी काळी, सगळी सारखी. मी डोळ्यांवर हात धरून एकेक बघितलं. कासेला लागलेलं एक दिसलं, मग दुसरं, मग तिसरं.

मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"त्यातलं तुझं कोनतं?"

"ओळखू येत नाही," मी म्हणाले.

"मंग झालं काम," मामा म्हणाले आणि ज्वारीची रिकामी गोणी झटकून घराकडे वळले.